दोर, ढोलकी आणि बोंड

बार्शीटाकळीच्या आठवडी बाजाराच्या कडेला माझ्या लहानपणी डोंबाऱ्याचं बिऱ्हाड उतरायचं. बांबूंची एक कैची इकडे, एक तिकडे, मध्ये ताणलेला दोर आणि दोराची टोकं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी मेखांना. बाप ढोलकी घेऊन खाली बसायचा, आई थाळी वाजवायची आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी आपल्यापेक्षा कितीतरी लांब काठी आडवी धरून दोरावर चढायची. आधी नुसती चालायची. मग डोक्यावर तांब्यांची उतरंड घेऊन. मग पायाखाली थाळी घेऊन ती दोरावरून सरकवत. शेवटी सायकलची रिंग दोरावर ठेवून, तिच्यात पाय रोवून.

आम्ही पोट्टे ती पडते की काय म्हणून श्वास रोखून तिच्याकडे पाहत असू. बाप मात्र तिच्या पावलांकडे बघायचा. ढोलकी गर्दी जमवायला असते असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. पण गर्दी जमल्यावरही ती थांबायची नाही. ताणलेल्या दोराला स्वतःचा झोका असतो. पावलं त्या झोक्याशी जुळली की तो वाढत जातो, पाळण्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखा, आणि वाढलेला झोका माणसाला फेकून देतो. म्हणून पोरगी ठेक्यावर चालायची आणि झोका वाढतोय असं दिसलं की बाप ठेका बदलायचा. ती क्षणभर थांबायची, गुडघे लववायची, कमरेतून एक हेलकावा द्यायची आणि नव्या लयीत पुन्हा चालू लागायची. तो हेलकावा म्हणजे तोल सावरणंही होतं आणि नाचही होता. दोन्हीत रेघ कुठे ओढायची, हे मला आजही सांगता येणार नाही.

मराठीने ती रेघ ओढलेली नाही. आपण डोंबाऱ्याचा खेळ म्हणतो, तमाशाचा खेळ म्हणतो, नाटकाचा, सर्कशीचा खेळ म्हणतो. आमच्या वऱ्हाडीत त्याचा ‘खेय’ होतो, पण शब्द तोच राहतो. जगभरच्या रंगमंचांवर गेली चाळीसेक वर्षं सर्कस आणि नृत्य एकत्र आणण्याची जी धडपड चालू आहे, ती आपल्याकडे या एका शब्दात आधीपासून होती.

बाराव्या शतकातही कसरत आणि नृत्य शेजारी-शेजारीच होते. बार्शीटाकळीला कालंका देवीचं हेमाडपंती देऊळ आहे, तिथला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६च्या सुमाराचा. त्याच शतकात, देवळाच्या चारेक दशकं आधी, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने मन कशात रमवावं याची त्यात प्रकरणं आहेत आणि त्यांना तो ‘विनोद’ म्हणतो. मल्लविनोद आणि नृत्यविनोद ही दोन्ही प्रकरणं एकाच भागात येतात. मल्लांनी खांबावर करायच्या व्यायामाचा जुन्यातला जुना उल्लेख म्हणून मल्लखांबाचे अभ्यासक याच ग्रंथाकडे बोट दाखवतात. त्याहून कितीतरी जुन्या नाट्यशास्त्रात नृत्याची १०८ करणं सांगितली आहेत. त्यातल्या ‘ललाटतिलक’ या करणात पाय पाठीमागून डोक्यावर आणून अंगठ्याने कपाळाला टिळा लावल्यासारखा आविर्भाव करायचा असतो. आज एखाद्या मुलीने हे तंबूत केलं तर आपण तिला कसरतपटू म्हणू, चिदंबरमच्या गोपुरावर कोरलेलं पाहिलं तर नर्तकी.

आता ‘कोलांटी उडी’ हा शब्द घ्या. तो उच्चारताना आपल्या मनात जिम्नॅस्टिक्स येतं, पण त्याच्या पोटात एक जमात आहे, कोल्हाटी. उड्या मारणारे, बांबूवर चढणारे, दोरावर चालणारे आणि गाणारे-नाचणारे हे लोक. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यात वऱ्हाडातल्या कोल्हाट्यांची नोंद आहे, शेजारी ‘दांडेवाला’ आणि ‘बांसबेरिया’ ही नावं. दांडा काय, बांस काय, हातातल्या साधनावरून माणसाला नाव मिळालं. मधल्या काळात या एका पोटाच्या कलेचे तुकडे पडले. कोल्हाटी बायकांचं नाचणं-गाणं संगीतबारीच्या आणि तमाशाच्या वाटेने गेलं. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ वाचलेल्यांना ती वाट किती काट्यांची होती हे ठाऊक आहे. दोर आणि बांबू डोंबाऱ्यांच्या हाती रस्त्यावर राहिले. कायद्यानेही या लोकांना कलावंत मानलं नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला, तो १९५२ साली पुसला गेला. पुढे १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भिकेची व्याख्या करताना सार्वजनिक जागी गाण्याच्या, नाचण्याच्या किंवा खेळ करण्याच्या निमित्ताने पैसे घेणं हेही तिच्यात बसवलं. मला हा अन्याय वाटतो. ज्या कौशल्याला परदेशात तिकीट आहे, ते इथे बाजारात दाखवणं म्हणजे भीक.

नाच आणि कसरत आधी एकच असण्याची युरोपातली गोष्टही फार वेगळी नाही. तिथेही दोरावर चालणाऱ्याला पूर्वी ‘रोप डान्सर’, दोरावरचा नर्तक, असंच म्हणत. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या घोडेस्वाराने गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरती सुरू केल्या. घोडा गोल धावला की स्वाराचा तोल आत झुकून टिकतो, म्हणून ते रिंगण, आणि त्याचा सुमारे १३ मीटरचा व्यास आजही सर्कशीत चालतो. घोड्यांच्या मधल्या वेळात ॲस्टलीने जत्रेतले दोरनर्तक आणि कोलांटबाज आणले. हळूहळू घोडे मागे पडले, करामत उरली. १८५९ साली पॅरिसात ज्यूल लिओतार या तरुणाने झुल्यावरून झुल्यावर उडून दाखवलं. अंगाला घट्ट बसणारा जो पोशाख तो घाली, तो ‘लिओटार्ड’ आज जगभरच्या नृत्यशाळांत मुली घालतात.

आपल्या सर्कशीची सुरुवातही संगीताला धरूनच झाली. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे तरुणपणी ग्वाल्हेरला गेले ते हद्दू खाँकडे ख्याल शिकायला. तिथेच बाबासाहेब आपट्यांकडून ते घोडे शिकवायला शिकले. १८८० साली त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, हिंदुस्थानी माणसाची पहिली सर्कस. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ, ज्यांना पुढे ‘भूगंधर्व’ म्हणत, विपन्नावस्थेत असताना छत्र्यांनी त्यांना सांभाळलं आणि सर्कशीच्या दौऱ्यांवर सोबत नेलं. वाघ, घोडे आणि ख्याल एकाच मुक्कामी. मला वाटतं, लय हा कसरतीचा कणा आहे हे छत्र्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार.

आता वऱ्हाडात परत येऊ, कारण या प्रकरणाचा गाभा अमरावतीत आहे, बार्शीटाकळीहून शे-सव्वाशे किलोमीटरवर. तिथे अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला आणि त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिकडे मल्लखांब, कबड्डी आणि इतर देशी व्यायामप्रकार दाखवले. जगाने मल्लखांब एवढ्या मोठ्या मेळाव्यात पाहिला तो वऱ्हाडी पोरांच्या अंगावर.

मल्लखांब पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनी नव्याने घडवला. हेतू कुस्तीचा होता: जोडीदार नसला तरी खांबाशी लढता यावं. म्हणून खांबाचे भागही माणसाच्या अंगासारखे, खाली अंग, वर मान आणि टोकाला बोंड. कपाशीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हा शब्द ऐकून आपलं शेतच आठवतं. लाकूड शिसवी किंवा सागवानी, त्याला एरंडेल चोपडलेलं. तेल पकड सुटू नये म्हणून नसतं. अंगाची कातडी घासू नये आणि पकड हातांऐवजी मांड्यांत यावी म्हणून ते असतं. परदेशी सर्कशीतला ‘चायनीज पोल’ रबराने मढवलेला असतो, त्याला माणूस चिकटून राहतो. मल्लखांबावर माणूस सतत निसटत असतो आणि सतत सावरत असतो. त्या निसटण्या-सावरण्यातून जो ओघ येतो तो नृत्याच्या फार जवळचा आहे. प्रकारांची नावं ऐका: अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, फरारा, सलामी. वेल म्हणजे खांबाला लपेटत वर जाणं. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्या डोळ्यांपुढे स्नायू नव्हते, आकार होता.

खांबाचं भावंड म्हणजे दोरीचा मल्लखांब. पूर्वी वेताचा मल्लखांब असे. चांगला वेत दुर्मीळ झाला तेव्हा त्याच्या जागी सुती दोर आला. छताला टांगलेला दोर मुलगी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरते आणि वर सरकते. मग तो दोर कमरेला, मांडीला, खांद्याला असा वेढते की दोन्ही हात सोडले तरी ती तिथेच राहते. गाठ एकही मारायची नाही, हा नियम.

गाठीशिवाय माणूस टिकतो कसा? उधळलेलं वासरू हाताने आवरत नाही, पण त्याच्या दाव्याचे दोन फेर खुंट्याला दिले की पोरगंसुद्धा त्याला धरून ठेवतं. इथे वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. दोर आणि पृष्ठभाग यांचा घर्षणांक ०.३ धरला, तर एक पूर्ण वेढा ताण सुमारे ६.६ पट पेलतो आणि दोन वेढे ४३ पट. दोरीच्या मल्लखांबात खुंट्याच्या जागी मुलीचं अंग असतं. वेढ्यांचा क्रम चुकला तर गुणाकार कोसळतो, म्हणून शिकणारी प्रत्येक वेढा आधी जमिनीलगत, शंभरदा, पाठ होईपर्यंत करते. परदेशात ‘एरियल सिल्क’ म्हणून दोन लांब कापडांवर जे हवाई नृत्य आपण दूरदर्शनवर पाहतो, त्याचं गणित हेच. फक्त कापड लोंबतं, उडतं, रंग दाखवतं, त्यामुळे लांबच्या प्रेक्षकाला ते नृत्य वाटतं आणि दोरावरचं ते व्यायाम वाटतं.

इथे खरा प्रश्न येतो. कसरतीत नृत्य मिसळायचं म्हणजे करायचं काय? मागे संगीत लावलं, कपडे चकचकीत केले, हात जरा नाजूक फिरवले की झालं, असं पुष्कळांना वाटतं. स्नेहसंमेलनांत हेच दिसतं, आणि मला ते पटत नाही.

फरक टाळीच्या जागेत आहे. सर्कशीत एक करामत होते, कलावंत हात पसरून थांबतो, टाळ्या पडतात, मग पुढची करामत. दोन करामतींमधलं चालणं, दोर हातात घेणं, श्वास घेणं हे सगळं प्रेक्षकाने बघू नये अशी अपेक्षा असते. नृत्यात उलट आहे. कथ्थकमध्ये चक्कर महत्त्वाची, तेवढंच समेवर येणंही महत्त्वाचं, आणि समेकडे जाताना मान कुठे आहे हेही. दोन कला एकत्र यायच्या तर आधी करामतींच्या मधल्या जागा भराव्या लागतात. मुलगी दोराकडे चालत जाते, तिथपासून खेळ सुरू झाला पाहिजे. मग तिने दोर का धरला, वर का गेली, खाली यायचं तिच्या मनात आहे की नाही, हे बघणाऱ्याला तिच्या अंगावरून कळलं पाहिजे.

फ्रान्समध्ये हे जाणून-बुजून घडवलं गेलं. १९८५ साली शालाँ गावात सरकारने सर्कशीचं राष्ट्रीय विद्यालय सुरू केलं, आणि तिथे कसरतीबरोबर नृत्य आणि नाट्यही शिकवलं जाऊ लागलं. १९९५ साली तिथल्या बाहेर पडणाऱ्या तुकडीचा प्रयोग जोसेफ नाज या नृत्यदिग्दर्शकाने बसवला. नाव होतं ‘सरड्याची किंकाळी’ अशा अर्थाचं. करामतींची माळ न लावता एकसंध नृत्यासारखा बांधलेला तो प्रयोग इतका गाजला की समकालीन सर्कशीचा इतिहास सांगताना लोक त्याच्या आधीचं आणि नंतरचं असं बोलतात. त्याच विद्यालयात शिकलेला योआन बुर्ज्वा २०१६ साली ग्रनोबल इथल्या राष्ट्रीय नृत्यकेंद्राचा सहसंचालक झाला. त्याचं एक दृश्य जगभर पाहिलं गेलंय: माणूस जिना चढतो, कलंडतो, बाजूच्या ट्रॅम्पोलिनवर पडतो आणि उसळून अलगद त्याच पायरीवर परत उभा राहतो. पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. उडी अवघड आहे हे आपण विसरतो आणि त्या माणसाची काळजी करायला लागतो.

आपल्याकडे दक्षा सेठ यांनी ही वाट धरली. कथ्थक बिरजू महाराजांकडे शिकलेल्या, पुढे मयूरभंज छाऊ आणि कळरीपयट्टू आत्मसात केलेल्या दक्षाताईंनी केरळमधल्या आपल्या नृत्यसंस्थेत मल्लखांबाचा दोर रंगमंचावर आणला. ‘सर्पगती’ हा त्यांचा प्रयोग त्यासाठी ओळखला जातो. त्यांची कन्या ईशा शर्वाणी हिला २००५च्या ‘किस्ना’ चित्रपटात दोरावर नाचताना लाखोंनी पाहिलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅनडाच्या ‘सर्क द्यू सोलेई’ने ‘बझार’ या नव्या खेळाचा जगातला पहिला प्रयोग मुंबईत केला, त्यातही मल्लखांब होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली तेव्हा १५ देशांचे खेळाडू आले. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी देशोदेशी शिबिरं घेऊन त्यांतल्या कित्येकांना तयार केलं होतं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

एवढं सगळं घडलं, पण त्यात डोंबारी कुठे आहे? खांबाला आखाडा मिळाला, स्पर्धा मिळाल्या, गुण मिळाले. दोरावरच्या चालीला आणि ढोलकीला काहीच मिळालं नाही. लहान पोरीला दोरावर चढवून पोट भरावं लागू नये, हे बरोबरच आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला लावण्यावर बंदी घातली, तिचं मी मनापासून स्वागत करतो. बाजारातली ती पोरगी शाळेत असायला हवी होती. पण तिच्या आईबापांच्या अंगातली विद्या मुलांच्या पोटापाण्याच्या प्रश्नाबरोबर बुडून जावी, असं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही. सज्ञान माणसांना, नीट जाळी आणि गाद्या देऊन, पगारी शिक्षक म्हणून उभं करता येतं. 

बार्शीटाकळी तालुक्यातल्या एखाद्या शाळेने मनावर घेतलं तर सुरुवातीला लागतं फार थोडं: साडेपाच मीटरचा सुती दोर, तो टांगायला जाणकाराने तपासलेली मजबूत तुळई, खाली जाड गाद्या. तपासणीत हयगय नको. वरून घसरत येऊन एकदम थांबणारी मुलगी त्या तुळईला आपल्या वजनाच्या कितीतरी पट हिसका देते. वेढे आणि पकडी शिकवायला अमरावतीहून तयार मल्लखांबपटू बोलावता येतील. नाच शिकवणारी एखादी ताई गावातच सापडेल.

आणि ढोलकीसाठी गावाबाहेरच्या पालावर जा. ज्या माणसाने पोरीच्या पावलांकडे बघून आयुष्यभर ठेका धरला, त्याला मानाने शाळेत बोलवा, बसायला खुर्ची द्या आणि मास्तर म्हणून महिन्याचा पगार द्या.